पुस्तकाच्या कडेवरचा मळ

"लेबल वाचा! आधी लेबल वाचा, मग बाटली टांगा! मोठ्यानं वाचा, मला ऐकू आलं पाहिजे!"

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर चौबळ सर सिस्टरवर ओरडत होते, आणि मी अजून तळमजल्यावरच होतो. आवाज असा की खालच्या औषधाच्या दुकानातल्या माणसानं दचकून आपल्या हातातल्या बाटलीचं लेबल वाचलं. मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा ती बिचारी सिस्टर सलाइनची बाटली दोन्ही हातांत धरून, तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी एकेक अक्षर वाचत होती आणि सर डोळे मिटून ऐकत होते. बनवल्याची तारीख झाली, मुदत संपण्याची झाली, बॅच नंबर झाला. "आता सील," सर म्हणाले. "सील कोणी फोडलं?" "मी." "तुम्ही फोडताना मी पाहिलं का?" "नाही." "मग दुसरी आणा."

दुसरी आली. तेवढ्यात त्यांना मी दिसलो. "अहो भोईर, बरं झालं आलात. हे तुम्ही वाचा बघू. या लोकांवर माझा भरवसा नाही. तुम्ही वाचलंत की मी निजतो." मी लेबल वाचलं, सील तपासलं आणि म्हटलं, "ठीक आहे, सर." दोन मिनिटांत सर घोरायला लागले. अख्ख्या जगात ज्या माणसाचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता, तो माझ्या एका शब्दावर लहान मुलासारखा झोपला होता... आणि मी पलंगाशी उभा राहून भिंतीकडे बघत होतो. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. का नव्हती, ते आता सांगायलाच हवं.

पाच दिवसांनी फोन आला की सर गेले. मी म्हटलं, "कोण बोलतंय? तुम्ही स्वतः पाहिलंत का? डॉक्टरांनी सांगितलं की कंपाउंडरनं?" पलीकडच्या माणसानं चिडून फोन ठेवून दिला. सतरा वर्षं सरांच्या हाताखाली काढलेला माणूस दुसरं काय विचारणार?

मधुकर चौबळ म्हणजे कल्याणच्या आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. राहायला ठाण्याला, खोपटला, एसटी डेपोच्या इतक्या जवळ की गाडी मागे घेताना कंडक्टरनं मारलेली शिट्टी त्यांच्या देवघरात वाजायची. कॉलेजला यायचे तेही एसटीनंच, कारण रेल्वेच्या वेळापत्रकावर त्यांचा विश्वास नव्हता. एसटीच्याही नव्हता, पण एसटीचा ड्रायव्हर निदान समोर बसलेला दिसतो, त्याला जाब विचारता येतो, असं त्यांचं म्हणणं. प्रयोगशाळेत नवीन रसायनाची सीलबंद बाटली आली की तिचा वितळणांक स्वतः काढल्याशिवाय ते तिला फळीवर जागा देत नसत. रेशनची साखर आली की चिमूटभर पुडीत बांधून कॉलेजात आणायचे आणि आमच्या नाकासमोर तपासायचे. त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी अंगठी घातली तेव्हा त्यांनी भर मांडवात कसोटीचा दगड मागवला होता, असं मी ऐकलंय. ऐकलंय म्हणजे मीच पसरवलंय. पण ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी एका दमात खरं मानलं, यातच काय ते आलं.

या संशयाला खरा बहर यायचा मे महिन्यात. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सेंद्रिय रसायनशास्त्रासाठी कोणतं पुस्तक लावायचं, हे विभागप्रमुख ठरवत. जूनमध्ये विभागाबाहेरच्या फळ्यावर यादी लागायची. वर एकच पुस्तक, 'हे विकत घ्यावे'; खाली चार, 'ही ग्रंथालयात वाचावीत'. वरच्या ओळीत ज्याचं पुस्तक लागलं त्याची दिवाळी जूनमध्येच. कल्याण-डोंबिवलीतले दुकानदार फळ्यासमोर उभे राहून यादी उतरवून न्यायचे आणि पोरं डोळे झाकून तेच पुस्तक घ्यायची. म्हणून मे उजाडला की प्रकाशकांचे प्रतिनिधी, गळ्यात टाय आणि पाठीला घाम, नमुना प्रतींचे गठ्ठे घेऊन कॉलेजात हजर व्हायचे. नमुना प्रत म्हणजे मास्तरला फुकट, आत 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारलेली. आम्ही ती प्रेमानं घ्यायचो, घरी न्यायचो आणि... आता बहुतेक सगळे निवृत्त झालेत तेव्हा सांगायला हरकत नाही... काही जण शिक्का पॉलिशपेपरनं घासून ती रद्दीवाल्याला विकायचेसुद्धा. चौबळ सर मात्र नमुना प्रतीला हात लावत नसत. एकदा एका प्रतिनिधीनं ती त्यांच्या टेबलावर ठेवून पळ काढला, तर सरांनी ती क्रुसिबलच्या, म्हणजे तापलेली भांडी उचलायच्या, चिमट्यात धरून जिन्यावरून खाली त्याच्यामागे नेली. हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग ते पुस्तक निवडायचे तरी कसे? बैठक नाही, चर्चा नाही. मे संपता संपता ते एक नाव घेऊन यायचे, की झालं. कधी जाडजूड परदेशी ग्रंथाची स्वस्त आवृत्ती, कधी कोणाच्या गावीही नसलेल्या लेखकाचं पातळ पुस्तक. एकदा मी विचारलं, "सर, हे कसं ठरवलंत?"

"पाहिलं."

"काय पाहिलं?"

"पुस्तक."

"सगळीच पुस्तकं आम्हीही पाहतो, सर."

"तुम्ही उघडून पाहता," सर म्हणाले आणि वर्गावर निघून गेले. आता सांगा, असल्या उत्तरावर कुठला सरळ माणूस सरळ राहील?

त्यात माझं पुस्तक आलं. मी कोपरचा भोईर. आमच्या आळीत माझ्या आधी पुस्तक म्हणजे देवाची पोथी नाहीतर सोसायटीचं पासबुक. दोन वर्षं खपून मी इंग्रजीत सेंद्रिय रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि ठाण्याच्या एका प्रकाशकानं ते हिरव्या कव्हरात छापलं. नाव सांगत नाही, उगाच लोक शोधायला जातील. आईनं पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि कोपरपासून खाडीच्या पलीकडच्या गावांपर्यंत सगळ्या नातलगांना सांगून टाकलं की हरीचा बुक आता कालेजान लागनार. झालं! पहिल्या जूनमध्ये यादी लागली आणि माझं पुस्तक वरच्या ओळीत नाही, खालच्या चारांतही नाही. घरी गेलो तर आई दारातच. "लागला का रं तुजा बुक?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." ती म्हणाली, "तुजा सायेब तुज्यावर जलतो का?"

मी सरांना विचारलं तर सर म्हणाले, "अजून पाहायचंय." प्रत त्यांना मी स्वतः दिली होती; ती त्यांनी पैसे देऊन घेतली होती, फुकट नको म्हणाले होते. आणि आता म्हणे पाहायचंय! त्या क्षणी माझ्या डोक्यात किडा शिरला. हा माणूस नमुना प्रत चिमट्यानं परत करतो, ते लोकांसमोर. लोकांमागे काय करतो, कोणाला ठाऊक? मला आठवलं, मे महिन्यातल्या रविवारी सरांच्या घरी गेलं की ते कधीच नसतात. वहिनी म्हणतात, "कॉलेजात गेलेत." रविवारी, सुट्टीत, कॉलेजात! तिथे तेव्हा शिपायाची शेळीसुद्धा नसायची.

पुढच्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी मी खोपटच्या डेपोवर जाऊन बसलो. डोक्याला उपरणं, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पेपर. दोन विद्यार्थ्यांनी "नमस्कार, सर" म्हटलं ते सोडा, बाकी वेश बिनचूक होता. सर आले. हातात निळी कॅनव्हासची पिशवी, इतकी भरलेली की खांदा एका बाजूला गेलेला. कल्याणच्या गाडीत ते पुढे, मी सर्वांत मागे. शिळफाट्याला गाडी अशी आदळली की पिशवीतून एक पुस्तक बाहेर घसरलं आणि सरांनी झडप घालून ते आत कोंबलं, चोरानं ऐवज कोंबावा तसं. कल्याणला उतरून ते बाजारामागच्या गल्लीत एका रद्दीच्या दुकानात शिरले. मी समोरच्या पानवाल्याच्या आडोशाला. बघतो तर काय, रद्दीवाल्यानं उठून सरांना स्टूल दिलं, सरांनी पिशवी तराजूशी रिकामी केली आणि रद्दीवाल्यानं दुमडलेलं काहीतरी त्यांच्या हातात दिलं. सरांनी ते न बघता खिशात घातलं!

आणखी काय पुरावा हवा? फुकटच्या प्रती घरी घ्यायच्या, इथे आणून विकायच्या, जो प्रकाशक जास्त गठ्ठे देईल त्याचं नाव यादीत, आणि भोईर बसला हळदकुंकू लावून! त्याच आठवड्यात मी प्रिन्सिपॉलना निनावी पत्र लिहिलं. डाव्या हातानं, कामगाराच्या भाषेत, चुका पेरत. निळी पिशवी, रविवारची खोपटची गाडी, गल्लीतलं दुकान, सगळं लिहिलं. चौकशी झाली की यादी दुसऱ्या कोणाच्या हाती जाईल, आणि माझं पुस्तक वरच्या ओळीत. इतका साधा हिशेब होता माझा.

प्रिन्सिपॉल गृहस्थ होते. त्यांनी चौकशी वगैरे काही केली नाही, पत्र सरळ सरांच्याच हातात दिलं. सर ते घेऊन स्टाफरूममध्ये आले. मला वाटलं, आता छप्पर उडणार. पण सर शांत. खरं सांगतो, थोडे खूशच दिसत होते. "माझ्यावर कोणीतरी संशय घेतला," ते म्हणाले, "चांगली गोष्ट आहे. पण निरीक्षणाखाली सही नाही. सही नसलेलं निरीक्षण मी मानत नाही. निरीक्षक कोण, ते काढू." आणि पत्र उजेडाला धरून म्हणाले, "शाई आहे. शाई बोलते."

रसायनाच्या मास्तरांमध्ये निनावी पत्र शाईनं लिहिणारा गाढव जगात मी एकटाच. गाळणकागदाच्या पट्टीवर शाईचा ठिपका द्यायचा, पट्टीचं टोक उभ्या बरणीत पाणी घातलेल्या स्पिरिटमध्ये बुडवायचं. द्रव वर चढतो आणि चढताना शाईतले रंग वेगवेगळे करून मागे ठेवत जातो. प्रत्येक शाईची रांग वेगळी. हे मी दर वर्षी पोरांना शिकवतो! आणि माझी शाई म्हणजे तर खास कोपरची. निळी संपत आली की त्याच दौतीत काळी ओतायची, काळी संपली की परत निळी, आणि त्यात माझ्या धाकट्या बहिणीनं एकदा जांभळी उपडी केलेली. अशी शाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरी नव्हती.

"उद्या सगळ्यांनी आपापल्या पेनानं या कागदावर एकेक रेघ ओढून द्या," सर म्हणाले. "आणि तपासणी भोईर करतील. मी केली तर लोक म्हणतील, निकाल फिरवला. भोईरांवर माझा पूर्ण विश्वास आहे."

चौबळांच्या तोंडून 'पूर्ण विश्वास' हे शब्द कोणी कधी ऐकले नव्हते. एका मास्तरांच्या हातातली बिस्किटं चहात विरघळून गेली. आणि मी... मी म्हटलं, "हो, सर."

दुसऱ्या दिवशी रेघ ओढण्याआधी मी माझं पेन प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये गरम पाण्यानं तीनदा धुतलं आणि ऑफिसातल्या दौतीतली शाई भरली. मग आठ जणांच्या आठ रेघांमधून आठ ठिपके आणि पत्रातला नववा. तासाभरानं पट्ट्या बाहेर काढल्या. आठही पट्ट्या साळसूद. नवव्या पट्टीवर मात्र काळा, जांभळा, निळा, तिन्ही रंग वरातीतल्या पाहुण्यांसारखे एकामागे एक उभे. माझंच कपट माझ्यासमोर वाळत टांगलं होतं. सरांनी नऊही पट्ट्या ओळीनं मांडल्या. मी रिकामी बरणी पुसत राहिलो. यांना काय, वासानंसुद्धा कळेल असं वाटत होतं. आणि कळलं तर पुस्तकाचा प्रश्नच मिटला, जन्मभरासाठी.

"म्हणजे आपल्यातलं कोणी नाही," सर म्हणाले.

"नाही, सर."

"तुमची खात्री आहे?"

"खात्री आहे, सर."

"पण रविवार, पिशवी, गाडी... हे सगळं ठाऊक असलेलं माणूस आहे."

सरांनी ती नववी पट्टी घडी घालून पाकिटात ठेवली. "बरं झालं," ते हळूच म्हणाले, "तुमच्यातलं कोणी असतं तर मला वाईट वाटलं असतं." आवाज मात्र बरं झाल्यासारखा नव्हता. मला वाटलं, त्यांना माझाच संशय आलाय, सापळा लावतायत. त्यात पुढचं वाक्य: "रविवारी माझ्याबरोबर चला. आता लपवण्यात अर्थ नाही." मी रात्रंदिवस विचार केला की आजारी पडावं की गावाला जावं. शेवटी गेलो. न जाणं अधिक संशयास्पद दिसलं असतं.

त्याच गल्लीत, त्याच दुकानात, लालजीभाई रद्दीवाल्यानं दोन स्टुलं टाकली. मी पाहिलेलं ते दुमडलेलं काहीतरी पुन्हा सरांच्या हातात आलं: चोपडीतलं फाडलेलं पान, त्यावर आठवड्यात आलेल्या कॉलेजच्या पुस्तकांची नावं. "यंदा केमिस्ट्री फार आला, सर," लालजीभाई म्हणाला. सरांनी निळी पिशवी उघडून मागच्या रविवारी नेलेली पुस्तकं परत तराजूशी ठेवली आणि गठ्ठ्यातलं एक पुस्तक काढून माझ्यासमोर धरलं. उघडलं नाही. मिटलेलंच धरलं, पानांची कड माझ्याकडे करून.

"काय दिसतं?"

"मळ, सर."

"किती?"

मी पाहिलं. कडेवर अंगठ्यांचा काळपट पट्टा होता. पुस्तक चार बोटं जाड, मळ जेमतेम पाव इंच. पुढे पानं पांढरी शुभ्र.

"हा थोर परदेशी ग्रंथ," सर म्हणाले. "दोन वर्षं यादीत वर होता. पोरांनी विकत घेतला, पाव इंच वाचला आणि परीक्षा झाल्यावर विकला. आता हे बघा." दुसरं एक गाइड. त्याच्या कडेवर मळाचे पट्टे पट्टे, वाघासारखे. "फक्त अपेक्षित प्रश्न. मधलं सगळं कोरं." मग तिसरं, ते कोणाच्या गावी नसलेल्या लेखकाचं पातळ पुस्तक. त्याची कड पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी मळलेली. कुठे हळदीचं बोट, कुठे केसांचं तेल, एका कोपऱ्यात चहाचा अर्धा गोल. "हे वाचलंय. रडत, जेवत, तेल लावून घेत वाचलंय. पुस्तक चांगलं की वाईट ते प्रस्तावना सांगत नाही, परीक्षण सांगत नाही, तुम्ही-आम्ही तर नाहीच नाही. हा मळ खोटं बोलत नाही."

"मग हे सगळ्यांना सांगत का नाही, सर?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या कानाशी आले. "सांगितलं तर हे प्रकाशकाचे लोक पुढच्या वर्षी पुस्तकं मळवून आणतील!"

आणि मग त्यांनी लालजीभाईला खूण केली. त्यानं मागून एक हिरवं पुस्तक काढलं, यादीत नसूनही माझ्या वर्गातल्या पोरांनी माझ्या भिडेखातर घेतलेल्यांपैकी. सरांनी ते माझ्या हातात दिलं. मला कड बघायची गरजच नव्हती, तरी बघितली. बोटभरही नाही. काळी रेघ अशी तुटलेली की पट्टीनं आखल्यासारखी. सरांनी नखानं नेमकं तिथेच पुस्तक उघडलं. पान अडतीस. "इथपर्यंत पोरं तुमच्याबरोबर होती," ते म्हणाले. "एकोणचाळिसाव्या पानावर तुम्ही लिहिलंय, 'हे उघडच आहे की'. कोणाला उघड आहे, भोईर?"

एकोणचाळिसाव्या पानावर रेणू आणि त्याच्या आरशातल्या प्रतिमेचा धडा सुरू होतो. दोन रेणू, तेच अणू, तीच जोडणी, तरी एकावर एक ठेवले तर बसत नाहीत. मी तो दीड पानात उरकला होता, कारण खरं सांगायचं तर तो मलाही कधी नीट उमगला नव्हता.

इतकं होऊनही माझा संशय गेला नाही बरं का. मला वाटलं, सरांनी मुद्दाम सर्वांत कोरी प्रत शोधली असणार. म्हणून जून उजाडेपर्यंत मी डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत एकही रद्दीवाला सोडला नाही. माझ्या पुस्तकाच्या अकरा प्रती सापडल्या. अकराच्या अकरा अडतिसाव्या पानावर थांबलेल्या. एका पोरानं तर तिथे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'इथून पुढे देव तारी'.

त्या जूनमध्येही माझं पुस्तक यादीत नव्हतं, आणि त्या वर्षी पहिल्यांदा मला ते योग्य वाटलं. मी धडा पुन्हा लिहायला बसलो. दर शनिवारी दुपारी सर प्रयोगशाळेत माझी पानं वाचायचे आणि परत करायचे. "अजून उघड नाही." "अजूनही नाही." सातव्या वेळी मी कंटाळून खाडीवर जाऊन बसलो होतो. ओहोटी होती. चिखलात ते छोटे खेकडे असतात ना, एक नांगी इवलीशी आणि एक अंगापेक्षा मोठी, ते बाहेर आले होते. कोणाची मोठी नांगी उजवी, कोणाची डावी. बाकी सगळं तेच. लहानपणापासून बघत आलो होतो! डाव्या नांगीचा कसाही फिरवा, चिखलात उताणा करा, तो उजव्या नांगीचा होत नाही. मी तसाच चिखलाच्या पायांनी घरी आलो आणि धडा लिहून काढला. सर वाचत गेले आणि एकदम ओरडले, "हे उघड आहे!" आवाजानं फळीवरची बाटली घसरली असं मी सांगतो, फुटली नव्हती, पण घसरली होती.

सुधारलेल्या आवृत्तीला, मळ दिसायच्या आधीच, पुढच्या जूनमध्ये वरच्या ओळीत जागा मिळाली. आईनं अख्ख्या आळीत साखर वाटली. दोन वर्षांनी सर एका रविवारी भर दुपारी, घामानं निथळत, कोपरला माझ्या दारात उभे राहिले. पिशवीतून हिरवं पुस्तक काढून मिटलेलंच माझ्यासमोर धरलं. कडेवर मळ या टोकापासून त्या टोकापर्यंत. "आणि खेकड्याच्या पानावर मसाल्याचं बोट," ते म्हणाले. आईला विचारायला लागले, "बघितलंत का, आई?" आईनं बघितलं आणि म्हणाली, "पोरांना हात धुवाया सांगा." सरांना इतकं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आधी म्हटलं, यादीतून नाव काढतील. मग म्हटलं, पुढची आवृत्ती निघू दे. मग इतकी वर्षं लोटली की सांगणं म्हणजे झाकलेली बाटली हलवणं. सर मात्र दर वर्षी एकदा तरी तो विषय काढायचेच. "ते पत्र, भोईर... तुम्हाला काय वाटतं, कोण असेल?" मी म्हणायचो, "सोडून द्या, सर." ते म्हणायचे, "सोडलंय हो. पण माहीत असलेलं बरं असतं." आणि बोलणं बदलायचे. माझ्या साक्षीवर त्यांनी एकदाही शंका घेतली नाही. रेल्वेवर घेतली, रेशनवर घेतली, सलाइनच्या बाटलीवर घेतली...

मागच्या आठवड्यात खोपटला त्यांच्या घरी गेलो. सरांना जाऊन महिना होत आला होता. त्यांच्या खोलीत भिंतभर कपाट, आणि त्यातली पुस्तकं उलटी लावलेली: नाव छापलेला कणा आत, पानांच्या कडा बाहेर. नाव एकाही पुस्तकाचं दिसत नव्हतं, फक्त मळ. कुठे पाव इंच, कुठे पट्टे, कुठे शेवटपर्यंत. त्या खोलीत उभं राहिलं की वाटत होतं, सर आता मागून येतील आणि विचारतील, काय दिसतं? खाली डेपोत कंडक्टरची शिट्टी वाजली. वहिनी खाटेवर बसून वाण्याची यादी करत होत्या. "लागतील ती न्या, भावोजी," त्या म्हणाल्या. "एवढ्या पुस्तकांचं मी काय करू?"

मला ते सहन झालं नाही. मी तिथेच खाली बसलो आणि सगळं सांगितलं. उपरणं, काळा चष्मा, डाव्या हाताचं पत्र, बेसिनमध्ये धुतलेलं पेन, आठ साळसूद पट्ट्या. "वहिनी, ते पत्र मी लिहिलं होतं. आणि त्यांच्याशी खोटं बोललो की आमच्यातलं कोणी नाही. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

वहिनींनी यादीत एक ओळ लिहिली. मग वर पाहिलं.

"तुम्ही होय," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटायचं मी लिहिलं. या रद्दीबद्दल तुमच्या प्रिन्सिपॉलना कळवते, असं मी एकदा रागानं बोलले होते. तेव्हापासून घरातली पेनं कुलपात आहेत, म्हणून मी यादी पेन्सिलीनं लिहिते."